उणे चिन्हाची वाट

सूर्यावर मोठा स्फोट झाला की त्याचा प्रकाश साधारण सव्वाआठ मिनिटांत आपल्यापर्यंत पोचतो. त्याच स्फोटात उडालेला प्लाझ्माचा ढग मात्र बराच मागे असतो. कधी दीड दिवसात, कधी तीन-चार दिवसांत तो पृथ्वीजवळ येतो. कित्येकदा येतच नाही, बाजूनं निघून जातो. प्रकाश पोचल्यापासून ढग पोचेपर्यंतच्या मधल्या वेळात माझं काम असतं. ढग आपल्याकडे येतोय का, येत असेल तर केव्हा पोचेल आणि पोचल्यावर काय करील, हे आधी सांगायचं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आता बऱ्यापैकी देता येतात. तिसऱ्याच्या वेळी सगळा जीव एका चिन्हावर टांगलेला असतो: अधिक की उणे.

या ढगाला कॉरोनल मास इजेक्शन म्हणतात. आम्ही दिवसभर नुसतं सीएमई म्हणतो. सूर्याभोवतीच्या किरीटात पीळ पडलेलं चुंबकीय क्षेत्र साठत जातं. त्याला वरून दाबून धरणारं क्षेत्र एका टप्प्याला पुरं पडत नाही, तोल सुटतो आणि अब्जावधी टन द्रव्य त्या पीळदार क्षेत्रासकट बाहेर फेकलं जातं. वेग सेकंदाला अडीचशे किलोमीटरपासून थेट तीन हजारांपर्यंत काहीही असू शकतो.

घरच्यांना आणि पत्रकारांना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावी लागते, ती इथेही सांगते. सौरज्वाला वेगळी आणि सीएमई वेगळा. ज्वाला म्हणजे प्रकाशाचा आणि क्ष-किरणांचा लोट. ती दिसते तेव्हा तिचा परिणामही सुरू झालेला असतो; पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला लघुलहरींवरचं रेडिओ संभाषण काही काळ बसतं. सीएमई म्हणजे प्रत्यक्ष द्रव्य आणि चुंबकीय क्षेत्र, आणि भूचुंबकीय वादळ त्यानं होतं. वर्तमानपत्रात मथळा येतो तो ज्वालेचा, कारण तिला सी, एम, एक्स असे वर्ग असतात आणि एक्स हा वर्ग ऐकायलाच भारी वाटतो. पण मोठ्या ज्वालेमागून मोठं वादळ येईलच, असं काही ठरलेलं नाही.

मी या कामात शिरले ती बेल्जियममधल्या लूवेनला. तिथल्या विद्यापीठानं हेलसिंकी विद्यापीठाबरोबर ‘युफोरिया’ हे मॉडेल तयार केलं. येन्स पोमोएल आणि स्टेफान पूट्स यांनी २०१८ साली त्याची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत बोल्डरच्या अंदाज केंद्रात ‘एनलिल’ हे मॉडेल त्याच्या आधीपासून रोजच्या वापरात होतं. दोन्हींचा सांगाडा एकच आहे, आणि आमचा दिवस कसा जातो हे कळायला तो समजून घेतलेला बरा.

सुरुवात चित्रांपासून होते. सोहो यान १९९५ साली सुटलं. त्याच्यावरचा लॅस्को करोनाग्राफ सूर्याची तबकडी एका चकतीनं झाकतो आणि भोवतालचा फिकट उजेड टिपतो. ताज्या चित्रातून आधीचं चित्र वजा केलं की जे बदललं तेवढंच उरतं: करड्या पडद्यावर बाहेर सरकणारी एक पांढरी कड. त्या कडेवर मी तारांच्या जाळीचा एक आकार बसवते. त्याचे दोन्ही पाय सूर्यात रुतलेले आणि मधला भाग फुगीर असतो. सगळे त्याला क्रोसाँ म्हणतात. त्याचे सहा आकडे असतात: रेखांश, अक्षांश, कल, उंची, दोन पायांमधला कोन आणि जाडी. दोन वेगवेगळ्या यानांची एकाच वेळची चित्रं शेजारी ठेवायची आणि दोन्हींत कड जुळेपर्यंत हे आकडे हलवत राहायचं. एकात जुळलं की दुसऱ्यात सुटतं. वरची कड नेमकी बसली की खालची बाजू फार रुंद झालेली असते. शिवाय पांढरं दिसतं ते सगळंच ढगाचं नसतं. ढगाच्या पुढे ढकलला जाणारा धक्क्याचा पट्टाही पांढराच दिसतो, आणि तो ढगात धरला तर रुंदी उगाच वाढते. कल दहा-पंधरा अंशांनी बदलला तरी डोळ्याला फारसं काही जाणवत नाही. एकच सीएमई चौघांनी बसवला तर चार वेगळे कल येतात आणि चौघांचंही बसवणं चित्रावर बरोबरच दिसतं.

सगळ्यात अवघड गोष्ट अशी की जो सीएमई सरळ तुमच्याकडे येतो, तोच तुम्हाला नीट मोजता येत नाही. तो सूर्याभोवती फुगत जाणाऱ्या कड्यासारखा दिसतो. समोरून येणाऱ्या वस्तूचा पसारा कळतो, वेग कळत नाही. वेगासाठी बाजूनं बघणारं कुणी तरी हवं. २००६ साली स्टिरिओ नावाची यानांची जोडी त्याचसाठी सोडली होती, एक पृथ्वीच्या पुढे आणि एक मागे. त्यातल्या ‘बी’चा संपर्क ऑक्टोबर २०१४मध्ये तुटला. ‘ए’ चालू राहिलं. पण दर वर्षी थोडं थोडं पुढे सरकत, सगळी प्रदक्षिणा करून, ऑगस्ट २०२३मध्ये ते पृथ्वीला येऊन मिळालं आणि पुढे निघालं. म्हणजे सौरचक्र ऐन भरात आलं तेव्हा आमचे दोन्ही डोळे जवळजवळ एकाच जागी होते.

चित्रांवरून काढलेले आकडे मॉडेलमध्ये जातात. सूर्याच्या केंद्रापासून साडेएकवीस सौरत्रिज्यांवर मॉडेलची आतली सीमा असते. तिथून पुढे चुंबकीय द्रवाची समीकरणं सुपरकॉम्प्युटरवर सोडवत पृथ्वीपलीकडे जायचं. सीमेवर वाहता सौरवारा आधी तयार लागतो. तो सूर्याच्या पृष्ठभागावरच्या चुंबकीय नकाशावरून बांधतात, आणि त्या नकाशाचा अर्धा भाग नेहमीच जुना असतो, कारण सूर्याची पलीकडची बाजू पृथ्वीवरून दिसत नाही. मग त्या वाऱ्यात सीएमई सोडायचा. वाऱ्यापेक्षा वेगवान असेल तर वारा त्याला रोखत जातो, सावकाश असेल तर पुढे ओढतो. पृथ्वीवर पोचण्याच्या वेळेत सरासरी दहा तासांच्या आसपास चूक राहते. जगभरचे गट आपापले अंदाज ढग पोचण्याआधीच एका सामायिक फलकावर नोंदवतात आणि नंतर त्यात खाडाखोड करता येत नाही. ही प्रथा मला फार मोलाची वाटते. दहा तास हा आकडा वर्षानुवर्षं फारसा हललेला नाही, हे आम्हाला कळतं ते त्या फलकामुळेच.

पण दहा तासांची चूक हे माझ्या मते या शास्त्राचं मोठं दुखणं नाही.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जातं. ढगातलं क्षेत्रही उत्तरेकडेच रोखलेलं असलं तर ढग पृथ्वीच्या चुंबकावरणाला दाबतो, धक्का देतो आणि बराचसा बाजूनं वाहून जातो. ते दक्षिणेकडे असलं तर दोन्हींकडच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात, दार उघडतं आणि सौरवाऱ्याची ऊर्जा आत शिरते. आलेखावर उत्तर म्हणजे अधिक आणि दक्षिण म्हणजे उणे. या घटकाला आम्ही ‘बीझेड’ म्हणतो. दोन ढगांचा वेग, घनता आणि आगमनाची वेळ अगदी सारखी असली तरी चिन्ह वेगळं असेल तर एकाची बातमीसुद्धा होत नाही आणि दुसरा ट्रान्सफॉर्मर तापवतो.

दोन घटना नव्या विद्यार्थ्यांना मी सगळ्यात आधी दाखवते. ७ जानेवारी २०१४ला सूर्याच्या जवळजवळ मध्यावर एक्स वर्गाची ज्वाला उठली आणि सेकंदाला सुमारे २४०० किलोमीटर वेगाचा सीएमई सुटला. सगळ्यांचे अंदाज जोरदार वादळाचे होते. ढग अपेक्षेपेक्षा बराच उशिरा आला आणि वादळ झालंच नाही. नंतरच्या अभ्यासात दिसलं की शेजारच्या मोठ्या सक्रिय भागाच्या चुंबकीय क्षेत्रानं त्याला सूर्यापासून निघतानिघताच एका बाजूला वळवलं होतं. पृथ्वीला नुसती कड लागली आणि मुख्य भाग मंगळाच्या दिशेनं गेला. उलट १५ मार्च २०१५ला निघालेला सीएमई मध्यम वेगाचा होता, त्याच्यासोबतची ज्वाला सी वर्गातली होती आणि अंदाज सौम्य वादळाचा होता. १७ तारखेला जे झालं ते त्या संपूर्ण सौरचक्रातलं सगळ्यात मोठं वादळ ठरलं. ढगामागून येणाऱ्या वेगवान वाऱ्यानं त्याला दाबलं होतं आणि आतलं क्षेत्र तासन्‌तास दक्षिणेकडे राहिलं होतं. ज्वालेचा वर्ग बघून कुणी बेत आखला असता तर दोन्ही वेळा उलटं केलं असतं.

चिन्ह आधी का सांगता येत नाही, हा प्रश्न लगेच येतो. किरीटातलं चुंबकीय क्षेत्र थेट मोजणं फार कठीण आहे. रोज मोजलं जातं ते त्याच्या खालच्या पृष्ठभागावरचं. त्यावरून पिळाची दिशा ताडता येते. उत्तर गोलार्धात डावा पीळ जास्त वेळा आढळतो, दक्षिण गोलार्धात उजवा, पण नियमाला अपवाद भरपूर आहेत. ढग सुटतासुटता गर्रकन फिरतो, वाटेत वळतो, दुसऱ्या ढगावर आदळतो. युफोरियामध्ये आतलं क्षेत्र नसलेला साधा शंकू सोडता येतो, किंवा आत पीळ असलेला चुंबकी गोळाही. शंकूचा रन चटकन होतो आणि आगमनाची वेळ सांगतो. चिन्हाबद्दल त्याला बोलताच येत नाही. गोळा बोलतो, पण तुम्ही त्याला जो कल आणि जेवढा चुंबकीय प्रवाह दिला त्याच्याच आधारावर, आणि तो कल चौघांचा चार प्रकारचा आलेला असतो. म्हणून एक रन लावून भागत नाही. आकडे थोडे थोडे हलवत रनांचा गुच्छ लावायचा आणि किती उत्तरं उणे येतात ते बघायचं.

चिन्ह खात्रीनं कळतं ते एल-१ बिंदूवर, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर. विंड आणि एस ही यानं ढग येतो तेव्हा तिथे त्याच्या आतच असतात आणि क्षेत्र प्रत्यक्ष मोजतात. जानेवारी २०२४पासून भारताचं आदित्य-एल१ही तिथे आहे. त्याच्यावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली, याचा लूवेनमध्ये बसून मला फार अभिमान वाटला होता. पण १५ लाख किलोमीटर हे ढगाच्या हिशेबात अगदीच थोडं अंतर आहे. ८०० किलोमीटर वेगाचा ढग ते साधारण अर्ध्या तासात कापतो. एवढीच खात्रीची पूर्वसूचना.

मे २०२४मधले ते दिवस मला तपशिलानं आठवतात. १३६६४ क्रमांकाचा सौरडागांचा समूह बघताबघता वाढला होता, पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट लांब. ८ तारखेपासून तो एकामागून एक सीएमई सोडू लागला आणि त्यांतले बरेचसे आमच्याकडे तोंड करून. ९ तारखेचा गुरुवार बेल्जियममध्ये ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीचा. शुक्रवार जोडून निम्मा विभाग गावाला गेलेला. माझ्यासोबत एक ग्रीक सहकारी आणि एक पीएचडीची विद्यार्थिनी एवढेच होते.

एका ढगाचे सहा आकडे. इथे निदान पाच ढग होते. पहिला ढग वाटेतला सौरवारा झाडून नेतो, त्यामुळे दुसऱ्याला अडवणारं फारसं काही उरत नाही आणि तो अपेक्षेपेक्षा लवकर येतो. मागचा पुढच्याला गाठतो, दाबतो, आणि दाबलेलं क्षेत्र अधिक तीव्र होतं. ही टक्कर कुठे होईल ते पहिल्या ढगाच्या वेगावर ठरतं, आणि त्या वेगातला थोडासा फरक ती टक्कर पृथ्वीच्या अलीकडून पलीकडे नेऊ शकतो. शिवाय स्टिरिओ-ए आमच्यापासून फक्त बारा-तेरा अंश पुढे, म्हणजे बाजूचं चित्र नाहीच. आमच्या गुच्छात पोचण्याची वेळ शुक्रवार दुपारपासून शनिवार पहाटेपर्यंत पसरली. चिन्हाबाबत बहुतेक उत्तरं उणे आली, काही अधिक. आम्ही ते तसंच कळवलं. बोल्डरच्या केंद्रानं २००५नंतर पहिल्यांदाच जी-४ पातळीच्या वादळाचा इशारा आधी काढला होता.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास विद्यार्थिनीनं हाक मारली. स्टिरिओ-एकडून येणाऱ्या कच्च्या आकड्यांत वेग आणि क्षेत्र एकदम वर गेलं होतं. हे यान पृथ्वीपेक्षा सूर्याच्या किंचित जवळून फिरतं, म्हणून ढग त्याला आधी लागला होता. त्यानंतर जे तास गेले तसे मी पूर्वी कधी अनुभवले नव्हते. आमच्यासमोर ढगाच्या आतली मोजमापं होती, चिन्हासकट, आणि पृथ्वीजवळ अजून काहीच झालेलं नव्हतं. ती मोजमापं पृथ्वीला कितपत लागू होतील, यावर तिघांत जोरात वाद झाला. बारा-तेरा अंश म्हणजे तेवढ्या अंतरावर आडवे तीन कोटी किलोमीटर. सहकारी म्हणत होता, एवढ्या अंतरात पीळ वेगळा निघू शकतो. मला वाटत होतं, ढग इतका मोठा आहे की चिन्ह तरी बदलणार नाही. साडेसहाच्या सुमारास एल-१वर धक्का पोचला, सातला जमिनीवरच्या चुंबकमापकांनी उडी घेतली. एल-१चा आलेख मिनिटामिनिटानं पुढे सरकत होता. सुरुवातीला बीझेड वरखाली झाला. मग खाली गेला तो पार उणे ४० नॅनोटेस्लाच्याही खाली. शांत दिवशी हा आकडा पाचाच्या आतबाहेर असतो. स्टिरिओ-एचा आलेख आम्ही अडीच तास सरकवून त्याच्यावर ठेवला. बारीक चढउतार जुळत नव्हते. मोठी घळ जुळत होती.

मध्यरात्र उलटून गेल्यावर वादळ जी-५ या सर्वोच्च पातळीवर गेलं, ऑक्टोबर २००३नंतर पहिल्यांदा. तोवर आम्ही इमारतीबाहेर उभे होतो. लूवेनच्या दिव्यांच्या वरही आकाश गुलाबी दिसत होतं आणि रस्त्यावरची माणसं थांबून मोबाइल वर धरत होती. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल उजेड टिपला. त्याचा फोटो आईनं शनिवारी अलिबागहून पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे तुमचंच का गं?’

अलिबागला माझं बालपण गेलं, आणि तिथे समुद्राजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. लहानपणी तिथे काय चालतं हे मला ठाऊक नव्हतं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी हे काम १९०४ साली अलिबागला हलवलं आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, मालिका तुटू नये म्हणून. त्यामुळे जगातल्या सगळ्यात लांब चुंबकीय मालिकांपैकी एक आपल्याकडे आहे. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टननं सूर्यावर झळाळी पाहिली. साडेसतरा तासांत ढग पृथ्वीवर आदळला, तेव्हा मुंबईत दिवस होता आणि कुलाब्याला माणसं डोळ्यांनी काटा वाचून आकडे लिहीत होती. नोंद तासातासानं करायचा नेम होता. वादळ सुरू झाल्यावर त्यांनी ती काही मिनिटांवर आणली. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लानं कोसळला. इतर ठिकाणच्या उपकरणांचे काटे पट्टीबाहेर गेले असताना कुलाब्याच्या वहीत आकडा राहिला.

२००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखीना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्या नोंदी छापल्या. शेवटचे दोघं नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले. एकाच ठिकाणचा आणि थोड्या वेळाचा तो आकडा आहे. तासाची सरासरी घेतली तर तो पुष्कळ खाली येतो, आणि त्यावर आजही मतभेद आहेत. पण १८५९मध्ये एल-१वर कुणी नव्हतं. ढगातलं क्षेत्र दक्षिणेकडे होतं आणि किती जबर होतं, हे ताडायला कुलाब्याची वही हाच मुख्य आधार. आमच्याकडे टोकाच्या वादळाचा रन लावायचा ठरला की त्या वहीतले आकडे समोर येतात. पहिल्यांदा ते पडद्यावर पाहिले तेव्हा मी काही वेळ पुढे कामच केलं नाही. काट्यामागे काय चाललंय याची कल्पना नसलेल्या माणसांनी दर पाच-दहा मिनिटांनी मुकाट आकडा लिहिला होता.

मे २०२४चं वादळ कॅरिंग्टनच्या जवळपासही नव्हतं. तरी अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यात ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले. उपग्रहांच्या कक्षा खाली घसरल्या, कारण वरचं वातावरण तापून फुगलं. हे वादळ आता जेनिफर गॅनन यांच्या नावानं ओळखलं जातं. जमिनीतून वीजवाहिन्यांत शिरणाऱ्या प्रवाहांवर त्यांनी काम केलं होतं. वादळाच्या जेमतेम आठवडाभर आधी त्या अकाली गेल्या. हे नाव मला फार योग्य वाटतं. आमची मॉडेलं बहुतेक वेळा पृथ्वीजवळ येऊन थांबतात. तिथून पुढे तारांपर्यंतचा रस्ता त्यांच्यासारख्यांनी बांधला आहे. १३ मार्च १९८९ला कॅनडातल्या क्वेबेकचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, तेव्हा तो रस्ता जवळजवळ नव्हताच.

आणि लहान वादळानंही मोठं नुकसान होतं. फेब्रुवारी २०२२मध्ये स्पेसएक्सचे ४९ स्टारलिंक उपग्रह सुटले आणि त्यांतले चाळीसपर्यंत वातावरणात परत पडले. वादळ सौम्यच होतं. उपग्रह अजून जेमतेम २१० किलोमीटर उंचीवर होते आणि तिथल्या हवेचा रोध वाढला, एवढंच. भारताची चिंता आणखी वेगळी आहे. आपल्या डोक्यावरचं आयनांबर मुळातच अस्वस्थ असतं. चुंबकीय विषुववृत्तावरून उचललेला प्लाझ्मा अहमदाबाद-भोपाळच्या आसपास दाट होऊन उतरतो. वादळात त्याची सगळी मांडणी हलते आणि उपग्रहांवरून ठिकाण काढणाऱ्या यंत्रणांना त्याचा फटका बसतो. उत्तर युरोपासाठी तयार केलेला इशारा मुंबईच्या विमानतळाला तसाच्या तसा उपयोगी पडत नाही, आणि या बाबतीत भारतातच अधिक माणसं कामाला लागायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

स्वीडनच्या वीजवहनात काम करणारे एक अभियंते आमच्या बैठकांना येतात. ऑक्टोबर २००३च्या वादळात तिथल्या मालमो शहरात सुमारे ५० हजार ग्राहकांची वीज गेली होती, ती त्यांनी नियंत्रण कक्षातून पाहिली. मे महिन्याचे आमचे आलेख त्यांना दाखवले आणि विचारलं, ‘चिन्ह अर्धा तास आधी कळण्याऐवजी अडीच तास आधी कळलं तर तुम्ही काय वेगळं कराल?’

त्यांनी लगेच सांगितलं. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली लाइन परत चालू करायची. दोन विभागांमधली विजेची देवघेव कमी करायची. राखीव निर्मिती सज्ज ठेवायची. कक्षात जादा माणूस बसवायचा. ‘अर्ध्या तासात यातलं शेवटचं तेवढं होतं,’ ते म्हणाले.

‘आणि आमचं चिन्ह चुकलं तर?’

‘फुकटच्या तयारीचा खर्च मी वरिष्ठांना समजावून सांगेन. पण तुम्हाला किती खात्री आहे ते आकड्यात द्या. नुसतं “शक्यता आहे” लिहिलंत तर त्यावर मला लाइन जोडता येत नाही.’

एल-१च्या पलीकडे, सूर्याच्या बाजूला, पहारा ठेवून बघावा यासाठी युरोपीय अवकाश संस्थेत ‘हेनॉन’ या छोट्या यानाची तयारी चालू आहे, आणि बाजूनं बघणारं ‘व्हिजिल’ यान २०३१मध्ये सोडायचं ठरलं आहे. तोवर हातात आहे त्यातूनच त्या अभियंत्यांनी मागितलेला आकडा काढायचा आहे. विद्यार्थिनीनं आणि मी जुनी वादळं पुन्हा चालवायला घेतली आहेत. ढग निघाला तेव्हा जेवढी माहिती होती तेवढीच मॉडेलला द्यायची, उणेची शक्यता टक्क्यांत काढायची आणि मग बघायचं, जिथे जिथे सत्तर टक्के आले त्या वादळांपैकी खरोखर सत्तर टक्क्यांत चिन्ह उणे निघालं का. सगळ्यात आधी घेतली आहेत ती स्टिरिओ-ए पृथ्वीच्या शेजारून जात होतं तेव्हाची, २०२३ आणि २०२४मधली.